खोडावरची आळंबी आणि तिची चिठ्ठी

मैत्रिणींनो, आपल्या हेंद्रेपाड्यात एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा फणसाच्या बुंध्यावर फळीसारखं काही बाहेर आलेलं तुम्ही पाहिलं असेल. तपकिरी, हाताला लाकडासारखं टणक. आळंबी म्हणून आपण पुढे जातो. आज तिच्यापाशी जरा थांबू या.

ही फळी म्हणजे बुरशीचं नुसतं फळ. खरी बुरशी आत तंतूंनी पसरलेली असते आणि लाकूड कुजवत असते. फळी खरवडून काढली तरी आतली कूज थांबत नाही. वर पानं हिरवीगार असली तरी खोड पोकळ झालेलं असू शकतं. म्हणून ज्या झाडाखाली मुलं खेळतात, तिथे अशी फळी दिसली तर नगरपरिषदेला कळवून झाड तपासून घ्यावं.

फणसावरच्या या बुरशीला फणसोंबा म्हणतात. ती सहाणेवर उगाळून बाळाच्या हिरड्यांना लावली की लाळ गळणं थांबतं, असं जुन्या बायका सांगत आल्या. पण अशा एका नावाखाली एकाहून जास्त जाती येतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखणं कठीण. ओळख पटल्याशिवाय बाळाच्या तोंडात काही घालू नये.

ओळख पटवायला जुने नमुने लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा असा संग्रह आहे. त्याला प्राध्यापक आजरेकरांचं नाव दिलेलं आहे. अशा संग्रहात वाळवलेल्या नमुन्यासोबत चिठ्ठी असते: कोणत्या झाडावर, कुठे, कधी, कोणाला मिळाला. चिठ्ठी हरवली तर उरतो तो लाकडासारखा एक तुकडा.

तारखेचं मोल बघा. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी १९५० पासून आळंब्यांच्या नोंदी ठेवल्या. २००७ साली त्या अभ्यासल्या, तेव्हा शरदातला आळंब्यांचा हंगाम सरासरी ३३ दिवसांवरून ७५ दिवसांवर गेल्याचं दिसलं. हवा बदलल्याची साक्ष साध्या वह्यांनी दिली.

आपणही एक वही करू या. फळीचा वरून आणि खालून फोटो, झाडाचं नाव, जागा, तारीख. तुकडा घेतलाच तर वाळवून कागदात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये तो कुजतो. चव मात्र घेऊ नका. आणि चिठ्ठी त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकू नका.