बारा ओळींचा काडीमोड

ज्यू धर्मन्यायालयात, म्हणजे ‘बेथ दीन’मध्ये, घटस्फोट होतो तेव्हा न्यायाधीशांइतकेच काम लेखनिकाला असते. कागद, शाई आणि पिसाची लेखणी आधी नवऱ्याच्या मालकीची करून दिली जाते, कारण फारकत त्याच्याच हुकमाने लिहिली जावी लागते. छापील नमुना चालत नाही. ‘गेट’ नावाचा हा कागद त्या एका जोडप्यासाठी नव्याने लिहायचा: अरामी भाषा, बारा ओळी. त्यात दोघांची, वडिलांची, शिवाय घरात हाक मारायची नावेसुद्धा. गावाची ओळख तिथल्या नदीवरून, विहिरींवरून. मग साक्षीदारांसमोर नवरा तो कागद बायकोच्या ओंजळीत टाकतो. ती तो काखेत धरून चार पावले चालते आणि मोकळी होते. न्यायाधीश कागदाला चीर देऊन तो ठेवून घेतात आणि तिला दाखला देतात.

बेथ दीनमध्ये तीन ‘दयान’ बसतात, तिघेही धर्मशास्त्र कोळून प्यायलेले. स्वतःचे राज्य नसताना शेकडो वर्षे परमुलखात विखुरलेल्या या समाजाला आपल्या कायद्याने बांधून ठेवले ते याच न्यायालयांनी. भागीदारीतले तंटे, कोशर, म्हणजे धर्माला चालणाऱ्या, खाण्याची प्रमाणपत्रे, ज्यू होऊ इच्छिणाऱ्यांची परीक्षा ही कामे ती आजही करतात. लंडनमध्ये दोन व्यापाऱ्यांनी लेखी संमती देऊन बेथ दीनकडे वाद नेला, तर १९९६ च्या लवाद कायद्यानुसार तो निवाडा सरकारी न्यायालयातही बजावता येतो. दोघांच्या राजीखुशीने चाललेली ही व्यवस्था मला मनापासून आवडते.

घोडे अडते ते घटस्फोटापाशी. बेथ दीन घटस्फोट देत नाही. देतो तो नवरा, आणि तोही स्वेच्छेनेच दिला पाहिजे. सुमारे हजार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या माइन्झचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, गेर्शोम यांच्या नावाने बायकोचीही संमती आवश्यक ठरली. तरी पारडे समान झाले नाही. बायको अडून बसली तर शंभर रब्बींच्या सह्या घेऊन नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची वाट आहे. नवरा अडून बसला तर ती ‘अगुना’, म्हणजे जखडलेली. तिला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले तर ते ‘ममझेर’ ठरते आणि सर्वसामान्य ज्यूशी त्याचे लग्न होऊ शकत नाही. पुढच्या पिढ्यांनाही तो शिक्का चुकत नाही. या धाकाच्या जोरावर घर, पैसा, मुलांचा ताबा उकळणारे नवरे असतात. हा अन्याय आहे, आणि धर्माचे नाव घेतल्याने तो कमी होत नाही.

इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले. देशात नोंदणी विवाहाची सोय नाही, त्यामुळे देव न मानणाऱ्यालाही याच दारात उभे राहावे लागते. १९९५ पासून आडमुठ्या नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खाते रोखण्याचे आणि त्याला तुरुंगात धाडण्याचेही अधिकार या न्यायालयांना आहेत. बाहेरच्या देशांत सरकारी कायद्याने हात पुढे केला: न्यूयॉर्कने १९८३ मध्ये, ब्रिटनने २००२ मध्ये. २०२२ मध्ये तर गेट नाकारणाऱ्या एका नवऱ्याला इंग्लंडमध्ये १८ महिन्यांची कैद झाली. पण सर्वांत उपयोगी उपाय लग्नाआधीचा आहे. गेट देईपर्यंत दररोज ठरावीक रक्कम पोटगी म्हणून देईन, असा करार नवरदेव लिहून देतो. लेकीचे लग्न ठरवणाऱ्या प्रत्येक ज्यू आईबापाने तो मागून घ्यावा.

या नियमांची झळ आपल्या कोकणालाही लागली. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएलींमध्ये रब्बी नव्हते, बेथ दीनही नव्हते. गावचा मुकादम, चौगुले आणि काझी एकत्र बसून तंटे मिटवत. हे मराठी बोलणारे ज्यू इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या रब्बींनी शंका काढली: यांच्या पूर्वजांना गेटचा विधी ठाऊक नसेल, घटस्फोटितांची लग्ने अशीच लागली असतील, तर वंशात ममझेर नसतील कशावरून? १९६२ मध्ये फर्मान निघाले की बेने इस्राएली वधूवरांची कुळे शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावीत. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवणाऱ्या, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या लोकांना आपले ज्यूपण सिद्ध करायला सांगितले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. फर्मानातले ‘बेने इस्राएल’ हे नाव गेले. कुळाची चौकशी मात्र रद्द झाली नाही. ज्याच्याबद्दल शंका असेल अशा कोणालाही ती लागू राहिली.