वेदनेचे तास मोजताना

२०१९च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये सरकारी अनुदान होतं. मे महिन्यात ते १०० झालं. म्हणजे हजार रुपयांच्या देणगीत एका गाईचे दहा दिवस. पण त्यातून वेदना किती टळली?

संशोधक ती तीन गोष्टींवरून आजमावतात: किती जीव, किती तास, किती तीव्र. बीडमधल्याच केजहून ऊसतोडीला जाणारा बैल घ्या. उसाच्या गाडीचा भार पुढे कलला की जू मानेवर रुततं, खांदेसूज येते आणि रोज जुंपल्यामुळे जखम हंगामभर चिघळते. भार नीट लादणं आणि वेळेवर मलमपट्टी यांना खर्च थोडा. सुटका मात्र महिनोन्‌महिन्यांच्या ठणक्यातून. सांगली-सोलापूरकडे ‘ॲनिमल राहत’ ही संस्था अशा बैलांवर उपचार करते.

छावणी म्हणून कमी मोलाची ठरत नाही. तिथे प्रश्न भुकेने मरण्याचा असतो. अवघड भाग पुढेच आहे. बैलाचा वेदनेचा एक तास माणसाच्या तासाच्या किती पट धरायचा? हे मोजणारं यंत्र नाही, अंदाजच करावा लागतो. तरीही देणगीच्या हिशेबात तो आकडा शून्य धरणं मला सर्वांत चुकीचं वाटतं.