डायल-अप आपोआप लागावं म्हणून
लिनक्सवर यासाठी दोन प्रोग्राम लागतात. 'चॅट' मोडेमशी बोलतो, 'पीपीपीडी' पुढची जोडणी सांभाळतो. चॅटची स्क्रिप्ट म्हणजे निव्वळ सवाल-जवाब: 'एटीझेड' पाठवा, 'ओके' आलं की 'एटीडीटी' आणि त्याला जोडून फोन नंबर, मग 'कनेक्ट'ची वाट पाहा. 'बिझी' आल्यास लगेच सोडून द्यायचं, हे 'अबॉर्ट'च्या ओळीत आधीच लिहावं. नाहीतर स्क्रिप्ट उगाच ४५ सेकंद ताटकळते. पीपीपीडीला 'पर्सिस्ट' सांगितलं की लाइन तुटल्यावर तो पुन्हा नंबर फिरवतो. सोय खरी, पण कॉलचं बिल वेळेनुसार चढत असेल तर 'डिमांड' आणि 'आयडल' ही जोडी बरी: काम निघालं की लाइन लागते, काही वेळ वापर नसला की सुटते. पासवर्ड मात्र 'पॅप-सीक्रेट्स' फाइलमध्ये ठेवावा, आणि ती फक्त रूटलाच वाचता यावी.