काँक्रीटच्या भेगा व त्यांवरील 'केमिकल'

पैठण तालुक्यांतील बिडकीन येथें औद्योगिक क्षेत्रासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हातीं मोबदल्याचा पैसा आला. असा पैसा एकदांच येतो. त्यांतून कोणी घर बांधतो, कोणी पाण्याचें टांकें, तर कोणी उरलेल्या रानांत खळें करतो. आणि हें सर्व काम आतां काँक्रीटचेंच असतें. महसुली नोकरींत गांवोगांव फिरतांना भेगाळलेले हौद व फुटकीं खळीं आम्हीं पुष्कळ पाहिलीं. आतां भेगा न पडण्याचें 'केमिकल' बाजारांत मिळतें. त्याचा उपयोग किती, हें पैसे मोजण्यापूर्वींच पाहणें बरें.

काळ्या रानांत राबणारास यांतील मर्म सहज उमजेल. उन्हाळ्यांत कपाशीचें रान वाळलें कीं त्यास हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काँक्रीटही वाळतांना आकसतें. सिमेंट घट्ट होण्यास लागतें त्याहून अधिक पाणी कालवतांना पडतें. तें सूक्ष्म छिद्रांत राहून पुढें हळूहळू उडून जातें. छिद्रें अर्धवट रिकामीं झालीं म्हणजे उरलेल्या पाण्याचा ताण त्यांच्या भिंती आंत ओढतो. भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्यें हें आकसणें ढोबळ मानानें दहा हजारांत तीन भाग धरलें आहे; म्हणजे दहा मीटर लांबीस तीन मिलिमीटर. खालची जमीन व सळई त्यास अडवितात, आणि अडलें तेथें काँक्रीट फाटतें.

यावरील द्रव्यें मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत. पहिलें पाणी वांचविणारें. तें सिमेंटचे गोळे मोडतें, म्हणून थोड्या पाण्यांत माल सैल होतो. दुसरें ग्लायकोल वर्गांतील, जपानांत सन १९८० नंतर प्रचारांत आलेलें. तें छिद्रांतील पाण्याचा ताणच उणा करतें. शंभर किलो सिमेंटास एक ते दोन किलो घातल्यास आकसणें चौथाईपासून निम्म्यापर्यंत घटल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. मात्र बळकटी किंचित् घटते व माल उशिरां धरतो. तिसरें काँक्रीट आरंभीं फुगविणारें. त्यास भरपूर पाणी व सळईचा आवर लागतो. कॅल्शियम क्लोराईड मात्र यांत धरूं नये. त्यानें माल लवकर धरतो, पण आकसणें वाढतें व सळई गंजते.

तथापि काळ्या मातीवर थेट टाकलेली फरशी कोणत्याही द्रव्यानें वांचत नाहीं. ती माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत बसते, आणि वरचें काम तिच्यासवें हलतें. ती काढून मुरूम थराथरानें ठोकावा, हा पहिला खर्च.

दुसरी गोष्ट पाण्याची. पन्नास किलोंच्या गोणीस, वाळूंतील ओल धरून, पंचवीस लिटरांहून अधिक पाणी घालूं नये. गवंडी माल सैल करण्यास आणखी बादली ओतूं लागला तर त्यास थांबवावें; पाणी वांचविणारें द्रव्य त्यासाठींच आहे. तिसरी गोष्ट, खळ्यास दर तीन-साडेतीन मीटरांवर जाडीच्या चौथाईइतका सांधा कापावा, म्हणजे भेग पडलीच तर तेथेंच पडेल. चौथी, काँक्रीट ओलें ठेवणें. साध्या सिमेंटास निदान सात दिवस, कोरड्या उन्हाळ्यांत दहा, आणि राखमिश्रित सिमेंटास चौदा दिवस पाणी द्यावें. भाजीस करतों तसे वाफे करून पाणी तुंबवावें किंवा ओलीं गोणपाटें पसरावीं.

इतकें केल्यावर, ज्या टांक्यांतून थेंबही झिरपतां कामा नये त्यासाठीं आकसणें कमी करणारें द्रव्य घेणें योग्य. डब्यावर भारतीय मानक ९१०३ चा उल्लेख, मुदत व प्रमाण पाहावें. द्रव्य जितकें घालाल तितकें पाणी कमी करावें आणि आधीं एक घाणा करून पाहावा. साध्या खळ्यास मात्र मुरूम, मोजकें पाणी, सांधे व ओल एवढ्यानेंच बहुधा काम भागतें. वांचलेला पैसा बियाण्यास उपयोगी पडेल.