मागच्या बाकावरची जीप

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून एक तरुण मुलगा आमच्याकडे आला. गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली आमची जुनी जीप उभी असते, ती बघायला. आल्या आल्या त्यानं बॉनेटवर टिचकी मारली, खाली वाकून चासीवर हात फिरवला आणि समोरच्या जाळीच्या फटी मोजल्या. सात भरल्या. मग लग्नाला मुलगी पसंत पडल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "काकू, तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या दारात काय उभं आहे?"

आता खरं सांगते मैत्रिणींनो, मला नव्हती. आमच्या दारात जीप उभी होती. मामंजींनी ती लिलावात घेतली होती, तिच्यात शेणखतापासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहिलं होतं, आणि पावसाळ्यात कोंबड्या तिच्याखाली बसायच्या. एवढीच आमची ओळख. पण त्या मुलानं अर्धा तास जे काही सांगितलं ते ऐकून मला लाज वाटली. पंचेचाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिचं माहेर कुठलं, हेसुद्धा आपण कधी विचारलं नाही! मग हिवाळाभर पुस्तकं मागवून वाचत बसले.

तर तिचं माहेर अमेरिकेचं. १९४० चा उन्हाळा, युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकी लष्कराला घोडे आणि मोटरसायकली यांच्याऐवजी एक हलकी, चारही चाकांना जोर असणारी छोटी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना विचारलं. अट काय, तर ४९ दिवसांत नमुना तयार करून दारात उभा करायचा. एवढ्या घाईची सोयरीक कोण पत्करणार? दोघांनीच उत्तर दिलं. एक विलीज-ओव्हरलँड आणि दुसरी बँटम. ही बँटम म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अगदी लहान आणि बुडत चाललेली कंपनी. तिनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला गाठलं. त्यानं एक-दोन दिवसांत आराखडा कागदावर उतरवला आणि २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला जेमतेम अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या तळावर नेऊन उभी केली.

गाडी पसंत पडली. पण लष्कराला हजारोंनी गाड्या हव्या होत्या आणि बँटमचा कारखाना तो केवढा! म्हणून तिचे आराखडे विलीजला आणि फोर्डला दाखवले गेले. विलीजचं इंजिन जास्त दमदार, साठ हॉर्सपॉवरचं. मोठी कंत्राटं त्या दोघांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. बँटमच्या वाट्याला काय आलं, तर जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरचं काम. पुढे "जीप आम्हीच निर्माण केली" अशी जाहिरात विलीज करायला लागली, तेव्हा १९४८ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं तिला तसं म्हणायला मनाई केली. पण तोवर नाव विलीजचं झालेलं होतं. स्वयंपाक एकीनं करायचा आणि वाढून कौतुक दुसरीनं घ्यायचं, हे आपल्याकडेच होतं असं मला वाटायचं.

आणि नाव? 'जीप' हा शब्द कुठून आला यावर अजून वाद आहेत. कोणी म्हणतं फोर्डच्या 'जीपी' या अक्षरांवरून, कोणी म्हणतं 'पॉपाय'च्या चित्रकथेतल्या युजीन द जीप या चमत्कारिक प्राण्यावरून. सैनिकांच्या तोंडी तो आधीपासून होताच. पण १९४१ च्या फेब्रुवारीत विलीजनं ही गाडी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांवर चढवून दाखवली. 'वॉशिंग्टन डेली न्यूज'ची वार्ताहर कॅथरिन हिलयर तिथे होती. गाडी चालवणाऱ्या रेड हाउसमननं तिचं नाव 'जीप' सांगितलं आणि हिच्या बातमीतून ते घरोघर पोचलं. म्हणजे या रांगड्या, मर्दानी समजल्या जाणाऱ्या गाडीचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं ते एका बाईच्या लेखणीमुळे. हे त्या पुण्याच्या मुलालाही माहीत नव्हतं!

तिच्या कौतुकाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. अर्नी पाइल या युद्धवार्ताहरानं तिला कुत्र्याची इमानदारी, खेचराची ताकद आणि बोकडाची चपळाई यांची उपमा दिली होती. एप्रिल १९४५ मध्ये जपानजवळच्या एका बेटावर तो मारला गेला, तोही जीपमधून जाताना झालेल्या गोळीबारात. युद्धानंतर वेल्समधल्या शेतावर अशीच एक जुनी लष्करी जीप वापरता वापरता मॉरिस विल्क्स यांना लँड रोव्हरची कल्पना सुचली, आणि १९४८ मध्ये ती बाजारात आली. स्वतः जीपनं मात्र किती मालक बदलले! विलीजकडून कैसर, मग अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायसलर, पुढे फियाट, आणि २०२१ पासून स्टेलान्टिस. नाव आणि सात फटींचं नाक तेवढं तेच राहिलं. गंमत म्हणजे युद्धातल्या फोर्ड जीपला नऊ फटी होत्या. सात आल्या त्या १९४५ नंतरच्या नागरी जीपला.

आपल्याकडे ती आली महिंद्रांमुळे. के. सी. महिंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते, तिथे ही गाडी त्यांच्या मनात भरली. १९४५ मध्ये के. सी. आणि जे. सी. हे भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथली पाटी 'महिंद्र अँड महिंद्र' अशी बदलली. सुरुवातीला ७५ जीपचे सुटे भाग विलीजकडून पेट्यांतून आले आणि १९४९ मध्ये मुंबईत माझगावला त्यांची जुळणी होऊ लागली. त्याच सुमाराला, १९४८ मध्ये, लष्करासाठी लंडनहून मागवलेल्या जुन्या जीपचं प्रकरण गाजलं. त्यातल्या १५५ गाड्या आल्या आणि त्याही कामाच्या नाहीत अशी ओरड झाली. लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यावर तेव्हा बरीच टीका झाली. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्याचं नावसुद्धा जीपचंच!

२ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, तालुक्याला गटविकास अधिकारी आले, आणि त्यांच्याबरोबर जीप खेडोपाडी गेली. साहेबांची जीप, मलेरियावाल्यांची जीप, लाल त्रिकोण रंगवलेली कुटुंब नियोजनाची जीप (ती दिसली की बाया माजघरात आणि बाप्ये रानात पळायचे), निवडणुकीत कर्णे लावलेली जीप. सरकार म्हणून काही असतं, ते पाटण तालुक्यातल्या आमच्यासारख्या गावाला धुरळ्यातून येणाऱ्या जीपवरूनच कळायचं.

या सगळ्या इतिहासात बसणारे लोक पुढच्या सीटवरचे आहेत. साहेब, सैनिक, पुढारी, आणि आताशा काळा चष्मा लावून डोंगर चढणारे हौशी. मी जीप ओळखते ती मागच्या बाकावरून. मागे दोन्ही बाजूंना आडवे बाक, गुडघ्याला गुडघा, मध्ये भाजीची पाटी, आणि पाठीमागून आत येणारा सगळा धुरळा पदरात. समोरचा रस्ता दिसत नाही. खड्डा आला हे कमरेलाच आधी कळतं. वडापच्या जीपमधून कॉलेजला, दवाखान्याला, माहेरी गेलेल्या प्रत्येकीला हे सांगायला नको. नऊ माणसांच्या जागेत सोळा कोंबून, टपावर पोती आणि मागच्या फळकुटावर लटकलेली पोरं! यष्टी न येणाऱ्या गावातल्या किती मुली त्या वडापमुळे शिकल्या, आणि त्याच गाड्या उलटून किती घरं बसली. ना पट्टा, ना दार. जीपच्या रांगडेपणाचं कौतुक करताना हेही आठवावं असं मला वाटतं.

माझी जागा बदलली ती १९८४ च्या जुलैत. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस, तीन दिवस वीज नाही. रात्री अकराला धाकट्या जावेला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, तालुक्याला न्या. हे मुंबईला, दीर कऱ्हाडला. घरात गाडी चालवणारे एकटे मामंजी, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! मागच्या बाकावर गादी टाकून जावेला निजवलं, आत्याबाई तिचं डोकं धरून बसल्या. मामंजी मला म्हणाले, "तू पुढं बस. मला कड सांगत राहा."

त्या रात्री पहिल्यांदा मी जीपच्या पुढच्या सीटवर बसले. "मामंजी, उजवीकडं. आता सरळ. दगड आहे." ओढ्यावर पोचलो तर पाणी फरशीवरून चाललेलं. मामंजी उतरले, काठीनं पाणी मोजलं, रेडिएटरपुढे गोणपाट बांधलं. पंख्यानं उडवलेलं पाणी इंजिनावर आलं की पेट्रोलची गाडी जागेवर बंद पडते, म्हणून. मग आत येऊन त्यांनी गिअरच्या दांड्याशेजारच्या दोन लहान दांड्या ओढल्या. एकीनं पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि दुसरीनं वेग घटून ताकद वाढते. जातं एकटीनं ओढणं आणि समोर दुसरी बसून दोघींनी ओढणं, यात जो फरक आहे ना, तसा तो मला पायाखाली कळला. गाडी कण्हत, मुंगीच्या पावलानं, पाण्याला न बिचकता पलीकडे चढली. पहाटे तीनला जाऊ दवाखान्यात पोचली. मुलगी झाली, दोघीही वाचल्या.

पंधरवड्यानं मामंजींनी मला खळ्यावर नेलं आणि किल्ली हातात दिली. "पुढल्या खेपेला मला सांगायला कोण नसलं तर?" एवढंच बोलले. क्लच इतका जड की दोन्ही पाय लावावेसे वाटायचे. पहिला गिअर गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय पडायचा नाही, घाई केली की करकर ओरडायचा. गावातले लोक बांधावर बसून हसायचे. आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी "मला देवाला ने" म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी लायसन काढलं. त्या ओढ्यातून मी नंतर किती जणींना नेलं ते मोजलेलं नाही.

तिला जमत नाही असं काही नाही, असंही मी म्हणणार नाही. १९७७ मध्ये इंदिरा गांधी बिहारमधल्या बेलछीला निघाल्या तेव्हा त्यांची जीप चिखलात रुतली, मग ट्रॅक्टर आणला, शेवटी त्या हत्तीवर बसून गेल्या. आमचीही दोनदा रुतली, तेव्हा बैल आणले. पेट्रोल तर अशी पिते की लिटरला आठ-नऊ किलोमीटर गेली तरी नशीब.

त्या मुलानं सांगितल्याप्रमाणे आमची जीप 'सीजे थ्री-बी'. १९५३ मध्ये विलीजनं नवं, जास्त उंचीचं इंजिन आणलं. ते मावेना म्हणून बॉनेटच वर उचललं, त्यामुळे ही नेहमी मान ताठ केल्यासारखी दिसते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, महिंद्रांकडे तो साचा पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. आजच्या थारच्या चेहऱ्यात ही म्हातारी दिसते की नाही बघा. महिंद्रांनी अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची गाडी आणली, तेव्हा 'ही आमच्यासारखी दिसते' म्हणून जीपवाल्यांनी दावा लावला, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. महिंद्रांना गाडीचा चेहरा बदलावा लागला. आपल्याच हातांनी लग्न लावून दिलेल्या पोरीची लेक आईच्या तोंडवळ्यावर गेली म्हणून भांडायचं!

तर तो मुलगा. त्यानं जी किंमत सांगितली ती ऐकून आमच्या ह्यांचे डोळे चमकले. गाडीचं पासिंगही आता पुन्हा करायचं आलं आहे, खर्च मोठा आहे, आणि मी पासष्टीत. विकू नये असं माझं अगदीच म्हणणं नव्हतं. तो म्हणाला, "काकू, एक चक्कर मारू या का?" म्हटलं, "मारू की. पण तू मागं बस. मी चालवते."

ओढ्यावर आता पूल झाला आहे, पण जुनी वाट मला ठाऊक होती. तिथूनच नेली. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा तो कमरेला हात लावून उतरला, केसांतला धुरळा झटकला, आणि बराच वेळ त्या मागच्या बाकाकडे बघत उभा राहिला. चहा घेतला. "घरी विचारून कळवतो," म्हणाला.

अजून त्याचा फोन आलेला नाही. पत्र्याखाली कोंबड्या परत येऊन बसल्या आहेत.