मानवोत्तर जगातील लांडगा : कल्पित प्रजातीची संभवनीयता

मानवजात नाहीशी झाल्यानंतरची पृथ्वी हा विसाव्या शतकातील विज्ञानसाहित्याचा एक महत्त्वाचा विषय होय. या साहित्यात ओसाड नगरे आणि ढासळणारी धरणे जशी आढळतात, तसेच मानवाच्या पश्चात निर्माण होणारे नवे प्राणीही आढळतात. त्यांमध्ये लांडग्याला किंवा लांडग्यासदृश प्राण्याला विशेष स्थान मिळाले आहे. कळपाने राहणारा, बुद्धिमान, मानवाचा जुना प्रतिस्पर्धी आणि त्याच्या सर्वांत जुन्या सोबत्याचा, म्हणजे कुत्र्याचा, निकटचा आप्त असलेला हा प्राणी मानवाच्या रिकाम्या जागेचा वारस म्हणून लेखकांना सहज सुचतो. तथापि केवळ आकार वाढवून, डोळ्यांत तेज भरून किंवा अंगावर पांढरी आयाळ चढवून नवी प्रजाती सिद्ध होत नाही. कल्पित प्रजातीला साहित्यकृतीत जी संभवनीयता लागते, ती कोणत्या घटकांतून येते, याचा विचार येथे केला आहे.

पूर्वजाची निवड

कोणतीही प्रजाती शून्यातून अवतरत नाही. तिला पूर्वज असावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा की, मानवोत्तर लांडगा कोणापासून उत्क्रांत झाला? याचे सर्वांत धाडसी उत्तर डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाने 'आफ्टर मॅन' (१९८१) या ग्रंथात दिले. मानवानंतर पाच कोटी वर्षांनी लांडग्याचे काम करणारा प्राणी त्यांच्या कल्पनेत लांडग्याचा वंशज नाहीच. तो उंदराचा वंशज आहे. मोठे मांसभक्षक मानवकाळातच क्षीण झाले, त्यांची जागा रिकामी राहिली आणि चिवट, सर्वभक्षी उंदरांनी ती व्यापली, अशी ही मांडणी आहे. 'फॅलँक्स' नावाचा हा श्वानसदृश उंदीर टोळीने शिकार करतो आणि त्याचे भक्ष्यही हरणासारखे झालेले ससे हेच आहे.

ही कल्पना विक्षिप्त वाटली तरी तिला निसर्गात आधार आहे. भिन्न कुळांतील प्राणी सारख्या जीवनपद्धतीमुळे सारखे दिसू लागतात. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. टास्मानियातील थायलसिन हा पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या नात्यातला प्राणी. पण त्याची कवटी आणि बांधा लांडग्याची आठवण करून देणारा होता. त्याचा अखेरचा ज्ञात प्राणी १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. 'लांडगा' हे एका वंशाचे नाव आहे, तसेच निसर्गव्यवस्थेतील एका जागेचेही आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुसरा पर्याय कुत्र्याचा. मोकाट झालेला कुत्रा काही पिढ्यांत पुन्हा लांडगा होतो, असा समज कथांतून वारंवार दिसतो. ऑस्ट्रेलियातील डिंगो या समजाला छेद देतो. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या खंडात पोहोचलेला हा कुत्रा रानटी झाला, स्वतंत्र शिकारी झाला. परंतु तो लांडगा झाला नाही, डिंगो झाला. उत्क्रांती मागे वळून पूर्वीच्या घरात शिरत नाही. तिसरा पर्याय संकराचा. लांडगा, कुत्रा आणि सोनेरी कोल्हा यांच्यात प्रजननक्षम संतती होऊ शकते. मानव गेल्यानंतरच्या पहिल्या शतकात कुत्र्यांची संख्या लांडग्यांच्या कित्येक पट असेल. त्यामुळे नव्या प्रजातीच्या रक्तात कुत्रा असणार नाही, असे गृहीत धरणारा लेखक सर्वांत संभाव्य घटना वगळतो.

काळाचे माप

दुसरा घटक काळाचा. मानव निघून गेल्यावर शंभर वर्षांत वर्तन आणि संख्या बदलते, प्रजाती नव्हे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर निर्मनुष्य झालेला प्रदेश याची साक्ष देतो. त्याच्या बेलारूसमधील भागात लांडग्यांचे प्रमाण आसपासच्या अभयारण्यांच्या सातपटीहून अधिक असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र ते सारे करडे लांडगेच आहेत.

नव्या प्रजातीसाठी वेगळेपण, म्हणजे इतरांपासून तुटलेले दीर्घ वास्तव्य लागते. फॉकलंड बेटांवरील 'वाराह' हा कोल्हा-लांडग्यासारखा प्राणी त्या बेटांवरचा एकमेव मूळ भूचर सस्तन प्राणी होता. शत्रू नसल्याने तो निर्भय झाला, आणि ही निर्भयताच त्याला घातक ठरली. तो लवकरच नष्ट होईल, हे तेथे गेलेल्या डार्विनने ओळखले होते. १८७६ च्या सुमारास तो संपला. पण तुटलेपणाची किंमतही असते. उत्तर अमेरिकेतील आयल रॉयल बेटावर गोठलेल्या सरोवरावरून आलेल्या लांडग्यांचा वंश निकटसंबंधांतील प्रजननाने इतका दुर्बळ झाला की, पाठीच्या कण्यातील विकृती सर्रास आढळू लागल्या आणि २०१८ पर्यंत अवघे दोन लांडगे उरले. बेट प्रजाती घडवते आणि बुडवतेही. कल्पित प्रजातीच्या संस्थापक कळपात प्राणी किती होते, हा प्रश्न म्हणूनच कथानकाच्या मुळाशी येतो.

दख्खनचे उदाहरण

तिसरा घटक अधिवासाचा. भारतीय भाषांतील लेखक मानवोत्तर लांडगा रंगवू लागला, तर बर्फाळ अरण्यातील, दाट लोकरीचा उत्तरेकडील लांडगा नकळत त्याच्या डोळ्यांसमोर येण्याची शक्यता अधिक. दख्खनच्या माळावरचा लांडगा वेगळा आहे. वजन साधारण वीस किलोच्या आसपास, अंगावर विरळ केस, लहान कळप, उघड्या गवताळ माळाची आवड. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजसारख्या प्रदेशात काळवीट, ससे आणि धनगरांच्या मेंढ्या-शेळ्या हे त्याचे अन्न. म्हणजे मानव वजा केला की, त्याच्या ताटातला मोठा वाटाच वजा होतो.

येथून तर्क पुढे नेता येतो. मेंढपाळाविना मेंढ्यांचे कळप घटतील. शेळ्या तग धरतील. गाई-बैल मोकाट होऊन वाढतील. शेते आधी गवताखाली आणि मग वेड्या बाभळीखाली जातील. मांसभक्षकांविषयीचा एक सर्वमान्य निष्कर्ष असा आहे की, सुमारे वीस किलोच्या मर्यादेखालचा प्राणी लहान भक्ष्यावर भागवू शकतो. त्यापलीकडे त्याला मोठी शिकार करावीच लागते. दख्खनचा लांडगा नेमका याच उंबरठ्यावर उभा आहे. त्यामुळे त्याच्या वंशाला दोन वाटा फुटतात. एक वाट झुडुपांत शिरून उंदीर-ससे टिपणाऱ्या, कोल्ह्याकडे झुकणाऱ्या लहान प्राण्याची. दुसरी, मोकाट गुरांमागे जाणाऱ्या मोठ्या शिकाऱ्याची. परंतु उष्ण प्रदेशात मोठे शरीर तापते; थंडीत जनावरे मोठी आणि उष्णतेत लहान होतात, हा बर्गमनने १८४७ मध्ये मांडलेला नियम येथे आड येतो. म्हणून या दुसऱ्या वाटेवर शरीर फारसे न वाढता कळप वाढेल, शिकार रात्रीची होईल, कान मोठे होतील, पाय लांबतील. असा प्राणी भव्य दिसणार नाही. पण तो खोटाही वाटणार नाही.

नाव आणि निवेदक

चौथा प्रश्न खास साहित्याचा आहे. मानवच उरला नसेल, तर या लांडग्याला पाहतो कोण आणि नाव देतो कोण? डिक्सनने निवेदकाला अदृश्य ठेवून प्राणिशास्त्रीय ग्रंथाची शैली स्वीकारली. प्रत्येक प्राण्याला लॅटिन द्विनाम दिले. नामकरणाची ही मानवी रीत मानवानंतरच्या जगाला लावण्यातली विसंगती वाचक खपवून घेतो, कारण शास्त्रीय शैलीच त्याला विश्वास देते. क्लिफर्ड सिमॅकच्या 'सिटी' (१९५२) मध्ये उलट मार्ग आहे. तेथे मानवाच्या कथा वाचा लाभलेले कुत्रे सांगतात आणि मानव खरोखर होऊन गेला की ती केवळ दंतकथा आहे, यावर त्यांचे विद्वान वाद घालतात. पहिल्या पद्धतीत प्राणी विषय आहे. दुसरीत प्राणी साक्षीदार आहे. मराठीत लांडगा, कोल्हा, कोळसुंदा, तरस अशी रानाच्या सहवासातून आलेली नावे आहेत. नव्या प्रजातीचे नाव या परंपरेतून घडले, तर ते तिच्या अधिवासाची खूणही सोबत आणील.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मानवोत्तर लांडग्याची रचना हा भविष्याइतकाच वर्तमानाच्या निरीक्षणाचा प्रश्न आहे. मानव वजा करायचा, तर आज तो कोठेकोठे मिसळलेला आहे हे आधी ठाऊक असावे लागते. संकराची गोष्ट तर आता कल्पनेची राहिलेली नाही: पुणे परिसरातील एका लांडगा-कुत्रा संकरित प्राण्याची जनुकीय पुष्टी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. देशभरात सुमारे तीन हजार लांडगे असल्याचा अंदाज आहे. त्यांचे माळ 'पडीक जमीन' या सरकारी शब्दाखाली लागवडीसाठी, उद्योगांसाठी आणि रस्त्यांसाठी उपलब्ध मानले जातात. मानव असतानाच हा लांडगा संपला किंवा कुत्र्यात विरून गेला, तर मानवोत्तर जगात त्याचा वंशज कल्पिण्याला आधारच उरणार नाही. तेव्हा डिक्सनप्रमाणे उंदराकडेच वळावे लागेल. मानवाच्या रिकाम्या जागेचा वारस कोण, या प्रश्नाचे उत्तर पाच कोटी वर्षांनंतर ठरणार नाही. ते आजच्या माळावर ठरत आहे.