दृक्‌प्रवाह

दृक्‌प्रवाह : निरीक्षक स्वतः गतिमान असताना त्याच्या दृष्टिक्षेत्रातील भोवतालच्या दृश्यास जी नियमबद्ध सरकती गती प्राप्त होते, तीस दृक्‌प्रवाह म्हणतात. आपण कोणत्या दिशेने जात आहोत, हे ठरविण्याचे ते मनुष्याचे एक प्रमुख साधन आहे.

सरळ रेषेत पुढे जाणाऱ्यास समोरचे सर्व दृश्य एका बिंदूपासून चहूबाजूंस पसरताना भासते. या बिंदूस प्रसरणकेंद्र म्हणतात. तो स्वतः सरकत नाही व गमनाची दिशा दर्शवितो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स जे. गिब्सन (१९०४–७९) यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडचाचण्यांवर काम केले व पुढे १९५० च्या सुमारास ही कल्पना मांडली. विमान उतरविताना प्रसरणकेंद्र धावपट्टीच्या अलीकडे पडत असेल, तर विमान त्याच मार्गाने गेल्यास पट्टीपूर्वीच जमिनीस टेकेल.

प्रत्यक्षात मात्र चालताना आपली नजर फिरत असते. नेत्रगतीमुळे जवळचे व दूरचे सर्व दृश्य सारख्याच कोनीय वेगाने सरकते आणि दृष्टिपटलावरील प्रसरणकेंद्र ढळते. याउलट, शरीराच्या स्थलांतरामुळे जवळच्या वस्तू जलद व दूरच्या सावकाश सरकतात. धावत्या आगगाडीतून रुळांलगतचे खांब झपाट्याने मागे जातात व डोंगर जवळजवळ स्थिर दिसतात, ते यामुळेच. या फरकाच्या आधारे दोन्ही गती वेगळ्या काढता येतात. १९८८ मधील प्रयोगांत केवळ सरकते ठिपके पाहूनही निरीक्षकांनी गमनदिशा सु. १ ते २ अंशांपर्यंत अचूक सांगितली. तथापि नेत्रगतीचा केवळ आभास जलद गतीने निर्माण केल्यास मोठ्या चुका होतात, असे १९९२ मध्ये आढळले. यावरून डोळे प्रत्यक्ष फिरल्याची सूचनाही मेंदू उपयोगात आणतो, असे दिसते.

दृक्‌प्रवाह हे दिशाज्ञानाचे एकमेव साधन नव्हे. १९९८ मधील एका प्रयोगात दृश्य एका बाजूस सरकविणारे लोलकांचे चष्मे लावलेल्या व्यक्ती लक्ष्याकडे सरळ न जाता वक्र मार्गाने गेल्या. केवळ प्रवाहावर विसंबल्या असत्या, तर त्या सरळ गेल्या असत्या. म्हणजे लक्ष्य शरीराच्या कोणत्या बाजूस दिसते, यावरही त्या अवलंबून होत्या. २००१ मधील आभासी दृश्यांच्या प्रयोगांत परिसर जितका तपशीलयुक्त, तितका प्रवाहाचा वाटा अधिक असल्याचे दिसून आले.

मॅकाक माकडांच्या मेंदूच्या बाह्यकात प्रसरण, आकुंचन व परिभ्रमण अशा प्रवाहांस प्रतिसाद देणाऱ्या तंत्रिका कोशिका आढळल्या आहेत. त्यांपैकी काहींवर अंतर्कर्णातील तोलेंद्रियांच्या संदेशांचाही परिणाम होतो. धुक्यात वा अंधारात दृश्याचा तपशील लोपला, की प्रवाह क्षीण होतो व आपली गती आणि दिशा यांचा अंदाज चुकण्याचा संभव वाढतो. वाहनचालक व वैमानिक यांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.